सव्वीस जण पास

मंगळवार, १२ मार्च. सकाळपासून वारा, कपडे लवकर वाळले. सूनबाईच्या वर्गाची वाचनाची परीक्षा झाली. अठ्ठावीसपैकी सव्वीस पास. तरी ती अर्ध्या जेवणावरून उठली. विचारलं तर म्हणाली, "आई, इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

सासूबाईंच्या डायरीतली ही नोंद. शंका यावी असाच तो निकाल होता. सूनबाईच्या चौथीतली निम्मी मुलं रिकाम्या पोटी शाळेत यायची. कुणी धाकट्या भावंडाला खेळवून, कुणी आईबरोबर चार घरची भांडी घासून. जोडाक्षर आलं की त्यांची गाडी अडायची. म्हणून तर वर्गाला एक मदतनीस ताई मिळाली होती. मागे पडलेल्यांना कोपऱ्यात घेऊन ती वाचायला शिकवायची. निकाल सुधारला, की ताईची बदली दुसऱ्या शाळेत. तसा नियमच होता.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सूनबाईला बोलावून दार लोटलं.

"बाई, फक्त मला सांगा. परीक्षेचा उतारा आधी कुठून मिळवलात?"

"मी? उताऱ्याच्या कपाटाची किल्ली तर तुमच्याकडे असते, सर!"

दोघंही एकमेकांना निरखत राहिले.

"बरं, जाऊ दे," हेडमास्तर म्हणाले. "दुपारी सही करा. मी निकाल वर पाठवतो."

वर्गाकडे परतताना तिला शिपाई चोर वाटला, मग शेजारच्या वर्गाच्या बाई. ताईवरही संशय गेला, पण ताई आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेईल?

मधल्या सुट्टीत तिने भिंगरीला जवळ घेतलं. एका जागी न ठरणारी ही पोर गेल्या आठवड्यापर्यंत प्रत्येक ओळीला अडखळत होती. आज तिने तोच उतारा घडाघडा म्हटला. बाईंनी हळूच शेवटच्या ओळींवर तळहात ठेवला. भिंगरी थांबलीच नाही.

"माझ्या हाताखालचं तुला कसं गं दिसलं?"

भिंगरीने जीभ चावली. "मारणार नाही ना, बाई?"

"नाही मारत. बोल."

"आम्ही बाहेर बाकावर होतो. खिडकी उघडी. आत एकेक जण जाऊन हेच वाचत होता. माझी पाळी येईपर्यंत पाठच झालं."

"मग ते दोघं नापास कसे झाले?"

"ते शाळेत लवकर आले होते ना! जो आधी येईल त्याची पाळी आधी."

बाईंना हसू आलं. त्या तडक हेडमास्तरांकडे गेल्या.

"सर, चोरी कुणीच केलेली नाही. खिडकी उघडी राहिली. मी सही करणार नाही. खिडकी लावून, नवा उतारा देऊन परत परीक्षा घ्या."

"स्वतःच्या वर्गाचा निकाल पाडणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय. यात तुमचा फायदा काय, ते सांगा आधी."

"भिंगरीला वाचता येत नाही, सर. ताई गेली तर कधीच येणार नाही."

त्यांना ते पटलं नाही, पण सहीशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. पुढच्या आठवड्यात परीक्षा झाली. पास झाले अकरा. ताई राहिली. भिंगरी नापास झाली आणि कोपऱ्यात ताईच्या पुढ्यात जाऊन बसली. बाई शिक्षकांच्या खोलीत शिरल्या तेव्हा चालू गप्पा थांबल्या. "काहीतरी बेत असणार हिचा," असं मागून कुणीतरी पुटपुटलं.

घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. "मग, दुसरं काय करणार होतीस?" त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी सासूबाईंनी डायरीत एवढंच लिहिलं: स्वयंपाकघरातला बल्ब गेला. उद्या नवा आणायचा.