गेरू लावलेल्या विटा

माझ्या सख्ख्या बहिणीला मी राखेच्या विटा मातीच्या म्हणून दिल्या, आणि तिच्या घराचं प्लास्टर पडलं तेव्हा तिला बोलणी खाऊ दिली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उमरेड रोडवर माझा विटांचा छोटा कारखाना होता. वीजकेंद्रातली कोळशाची राख फुकट मिळायची. तिच्यात चुना आणि रेती मिसळून आम्ही विटा पाडायचो. वीट पक्की होती, पण रंगाने करडी. गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवायचं. एकाने तर विचारलं, "राखेच्या घरात राहाले आम्ही मसणातले आहो का गा?" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून मला माझ्याच मालाची लाज वाटू लागली.

ताई सक्करदऱ्याला घर बांधत होती. भाऊजींनी आधीच बजावलं होतं, "तुह्या राखेची वीट नको, बापू. लाल वीट पाहिजे." मी त्याच विटा गेरूच्या पाण्यात बुडवून, वाळवून पाठवल्या. गवंडी माझ्याच ओळखीचा होता. त्याला गप्प राहायला सांगितलं.

प्लास्टर झाल्यावर भिंतींवर पाणी मारायचं काम ताईकडे आलं. सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी शेंदून ती भिंती भिजवायची. तरी उन्हाळ्यात प्लास्टरचे पोपडे सुटले. विटेवर गेरूचा थर. सिमेंट धरणार कशाला? मला ते पाहताक्षणी कळलं.

"झोपून राहिली असन दुपारभर," ताईच्या सासूबाई म्हणाल्या. "भिंत काय आपोआप ओली होते?"

"मारलं ना जी मी पानी," ताई म्हणाली.

"मंग पडलं काहून वं?" भाऊजींनी विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बशीतला चहा संपवला आणि म्हणालो, "सिमेंटले पानी लागतेच, ताई."

त्यानंतर त्या घरात दूध उतू गेलं तरी प्लास्टरचा विषय निघायचा.

दिवाळीआधी नव्याने प्लास्टर करायचं ठरलं. जुनं प्लास्टर काढल्यावर मी गवंड्याकडून भिंतींच्या सगळ्या विटा तारेच्या ब्रशने घासून घेतल्या, कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. नवं प्लास्टर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो तर ताई भिंतींवर पाणी मारत होती. एक भिंत झाली की सासूबाईंना हाक मारायची, "आत्याबाई, या जी. ही ओली केली. हात लावून पाहा." त्या यायच्या, भिंतीला हात लावायच्या, मग ताई पुढच्या भिंतीकडे वळायची.

मला ते बघवेना. मी तिच्या हातातली बादली घेतली आणि ओट्यावर बसलेल्या भाऊजींनाही आत बोलावलं.

"ताई, तुनं पानी बरोबर मारलं होतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "विटा राखेच्या होत्या. मीच त्याले गेरू लावला, म्हणून प्लास्टर पडलं. तुले बोल बसले आन् मी चहा पीत राहिलो. मले माफ कर."