सबनीस मिसची फुगडी

सबनीस मिस रागावल्या की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. "आता मला तुम्ही सगळे सारखेच दिसता," असं म्हणायच्या, "कोण हुशार, कोण कोणाची लाडकी, काही बघितलं जाणार नाही." हात मात्र त्यांनी कधी कोणावर उगारला नाही. शारजातल्या आमच्या इंडियन स्कूलमध्ये त्या गणित शिकवायच्या. मूळच्या सांगलीच्या. वर्गात इंग्रजी, शिपायांशी हिंदी, आणि आम्हा दोघी-तिघी मराठी मुलींशी खणखणीत मराठी. उदाहरण सुटलं की फळा पुसत म्हणायच्या, "खलास! सुटला बिचारा एक्स."

सहावीत आमच्या वर्गात तीन वर्षांपूर्वी शाळेत आलेली अमल नावाची सुदानी मुलगी होती. तिचे वडील पाच वर्षं पुण्यात राहून इंजिनिअर झालेले, आता दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला. भारतीय शिक्षकांवर त्यांचा फार विश्वास, म्हणून मुलीला आमच्या शाळेत घातलेली. त्या विश्वासाचं आम्ही काय केलं, ते सांगायला मला लाज वाटते. ती जवळ आली की मुली डब्याला झाकण लावायच्या. ती उठली की कोणीतरी बाक पुसल्यासारखं करायचं आणि बाकीचे हसायचे. मीही हसायचे. तीन वर्षांत अ‍ॅन्युअल डेला तिला एकदाच स्टेजवर घेतलं होतं, तेही राक्षसीण म्हणून.

त्या वर्षी महाराष्ट्राचा आयटम मिसकडे आला. त्यांनी फुगडी ठरवली आणि अमलची जोडी माझ्याशी लावली. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तसं काही नाही गं, पण फोटोत कसं दिसेल ते?" दुसऱ्या दिवशी माझ्या डायरीत चिठ्ठी होती, पार्टनर बदलण्याची विनंती करणारी. मिसनी ती वाचली, घडी घालून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "आईला सांग, चिठ्ठी मिळाली. मान्य नाही."

फुगडी म्हणजे हातांची फुली करून एकमेकींचे पंजे धरायचे, पाय जुळवायचे, मागे रेलायचं आणि गरगर फिरायचं. एकीने हात सोडला की दुसरी आपटणारच. प्रॅक्टिसला बाजूच्या मुली खुसखुसत होत्या, "हाताला रंग लागला का बघ." मी ऐन वेगात हात सोडले. घाम होता, सुटले, असं नाही. सोडले. अमल सिमेंटवर पडली, कोपर सोलवटलं. मिस धावत आल्या तर उठत म्हणाली, "It's okay, Miss. She slipped."

मिसनी तिचं कोपर धुऊन आणलं. मग पदर खोचला, माझ्यासमोर येऊन माझे हात धरले आणि पन्नाशीतल्या त्या जाड्या बाई माझ्याशी फुगडी खेळायला लागल्या. वेग वाढत गेला. माझे पाय जमिनीवर टेकेनात. तेव्हा शांतपणे विचारलं, "सोडू?"

"नको मिस!"

"का गं? घाम आहे की हाताला."

मी रडायला लागले. त्यांनी हळूहळू वेग कमी केला, मला नीट उभं केलं आणि म्हणाल्या, "यल्ला, चल, आता तिच्याबरोबर."

पण पडण्याची बातमी सुपरवायझर मॅडमपर्यंत पोचली होती. अमलला काढायला त्यांना निमित्तच मिळालं. मैदानात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मिसेस सबनीस, लोग हसेंगे. महाराष्ट्र का आयटम है, और ये लडकी नऊवारी में?" अमल खाली मान घालून बूट बघत होती.

"महाराष्ट्र का आयटम है ना?" मिस म्हणाल्या. "इसके अब्बा ने पाँच साल पूना का पानी पिया है. आपने पिया है? ये नहीं, तो फुगडी नहीं. लिख लीजिए."

आयटम रद्द झाला नाही. अ‍ॅन्युअल डेला अमलला नऊवारी मिसनी स्वतः नेसवली. स्टेजवर फेर धरल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "Don't leave, okay?" मी तिचे हात असे धरले की नंतर तिच्या मनगटावर माझ्या बांगड्यांचे वळ उमटले होते. पहिल्या रांगेत तिचे वडील उभं राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या आईनेही वाजवल्या, जरा उशिराने.

मिस निवृत्त होऊन सांगलीला गेल्या. मी कॉलेजसाठी पुण्याला आले, तेव्हा एका सुट्टीत त्यांना भेटायला गेले आणि इतकी वर्षं मनात असलेलं बोलले. त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून मी माणसात आले, म्हटलं.

त्यांनी मला थांबवलं. "माझे आभार मानू नकोस. ती शाळेत आली त्या दिवशी मीच तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. उंच आहे, मागच्यांना दिसणार नाही, म्हणून. उंच नव्हती गं ती." पुढे म्हणाल्या, "मग तिचे वडील भेटायला आले. म्हणाले, पुण्यात मला कोणी खोली देईना, शेवटी एका मराठी बाईंनी दिली, म्हणून तुमच्यावर भरवसा. मी काय तोंड दाखवणार त्यांना?"

अमलचा ई-मेल माझ्याकडे होता. धीर नव्हता, म्हणून कधी वापरला नव्हता. मिसनी वही पुढे केली आणि तिला लिहायचं पत्र मला सांगितलं. शेवटच्या बाकाचं सगळं त्यात होतं, काही न झाकता. मी लिहून घेतलं आणि विचारलं, "खाली माझंही लिहू का, मिस? मी हात सोडले ते?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुझं तू वेगळं लिही. माफी जोडीने मागायची नसते."

मी वेगळं लिहिलं. पहिल्या वाक्यालाच मला दोन दिवस लागले. मिस आज नाहीत. अमल आहे, माझी मैत्रीण आहे, आणि ती मला मिसनी मिळवून दिली.