समुद्री गरुडापुढची खूण

अक्काचा आणि माझा एक नियम होता. पक्षी दोघी बहिणींनी पाहिला तरच तो पाहिला. एकटीने पाहिलेला धरायचा नाही. मग पक्ष्यांच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे ती पेन्सिलीने बरोबरची खूण करायची आणि शेजारी मी निळ्या पेनाने. खाली महिना आणि गाव. दुर्बीण एकच होती. रेणापूरच्या धरणावर एकदा तिला नदी सुरय दिसला, पण दुर्बीण माझ्या हातात येईपर्यंत तो उडाला. पुढच्या हिवाळ्यात दोघींना दिसला, तेव्हा कुठे त्याच्यापुढे खूण झाली.

समुद्राकाठचे पक्षी तेवढे राहिले होते. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी अडचण माझ्याच घरची निघायची. अक्का म्हणायची, "समुद्र कुठं पळून चाललाय? सोबतच जाऊ."

या श्रावणात अक्का वारली. डिसेंबरात नवरा म्हणाला, तिचं राहिलेलं तू तरी बघून ये. पुस्तक आणि दुर्बीण घेऊन आम्ही दोघं लातूरहून निघालो आणि कोकणातल्या, आम्ही बहिणींनी ठरवून ठेवलेल्या अभयारण्यात पोचलो.

आत जीपनेच फिरवतात. एका बाजूला खाडी, चिखलात उभी खारफुटी. दुसऱ्या बाजूला सुरूचं बन आणि त्याच्या फटींतून मधूनच समुद्र. जीपवाला सावकाश चालवत होता. जे दिसेल ते मी मनातल्या मनात अक्काला सांगत होते. एका वळणावर त्याने इंजिन बंद केलं आणि बोट वर केलं. वाळलेल्या सुरूच्या शेंड्यावर समुद्री गरुड बसला होता. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखी.

"लई मोठा हाय गं," नवरा कुजबुजला.

मी पुस्तकातलं पान काढलं. नावापुढे पेन्सिलीची खूण आधीच होती. खाली अक्काच्या बारीक अक्षरात मागच्या वर्षीचा जानेवारी आणि याच गावाचं नाव.

त्या जानेवारीत मी नांदेडला, दवाखान्यात सासूबाईंजवळ होते. शाळेच्या प्रशिक्षणाला पुण्याला चालले, असं अक्काने सांगितलं होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. मागे एकसारखी घरघर असायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "हॉलमधले पंखे गं. जुने हायत." जानेवारीत पंखे कशाला, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आता इंजिन बंद होतं आणि सुरूंच्या पलीकडून समुद्राची तीच घरघर येत होती.

ती इथे एकटी येऊन गेली याचा राग नाही. माझी वाट पाहून तिचे किती हिवाळे गेले, ते मला ठाऊक आहे. पण परत आल्यावरही ती धरणावर माझ्याशेजारी बसून म्हणत होती, सोबतच जाऊ. शेवटच्या आजारातही म्हणाली. आता भांडायला ती नाही.

पेन्सिलीच्या खुणेशेजारी तिने माझ्या खुणेपुरती जागा सोडली होती. म्हणजे मला आणणार होती. आणि गरुड पहिल्यांदाच पाहिल्यासारखं माझ्याकडे बघून हसणार होती.

"लाव की खूण," नवरा म्हणाला.

मी पेनाचं टोपण काढलंच नाही. पुस्तक मिटलं. जीपवाल्याने मागे वळून विचारलं, "दिसला ना ताई नीट?"

"नाही," मी म्हणाले. "चला पुढे."