मीच केलाय तो

रंगाच्या कारखान्यात तिचं काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाइकाने पडद्याचा तुकडा पाठवावा, फुटकी फरशी पाठवावी, एकाने तर बायकोची चप्पल पाठवली होती. तिने तसाच्या तसा रंग बनवून द्यायचा. पण विभागप्रमुखाची जागा दुसऱ्यांदा रिकामी झाली आणि याही वेळी तिच्यामागून आलेला पुढे गेला, तेव्हा नणंदेने तिला समोर बसवलं. नणंद विम्याच्या कचेरीत होती आणि भराभर वर चढली होती.

"वहिनी, तू तोंडात मूग धरून बसतेस. कोणी काय केलं, हे साहेबाला काय स्वप्नात दिसतं? रोज एकदा तरी म्हण, हे मी केलं. लाज वाटली तरी म्हण."

लाज वाटली, तरी ती म्हणू लागली. जिन्यात साहेब भेटले तेव्हा तिने सांगितलं की त्या शाळेचा निळा मी केला. साहेब "बरं" म्हणून वर गेले. हळूहळू तिची जीभ सैल झाली. बैठकीत रंगाचा विषय निघायचा अवकाश, ही म्हणायची, "मीच केलाय तो." रंग खरंच तिचेच असायचे, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप नव्हतं. पाठीमागे लोक तिला 'मीबाई' म्हणू लागले. ते कानावर आलं त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. नणंदेच्या मते ही प्रगती होती.

मग एका दवाखान्याची तक्रार आली. मलई रंगाच्या भिंती वाळून गुलाबी झाल्या होत्या, तळापासून गच्चीपर्यंत. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, भिंतीचा पोपडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा रंग कोणी केला?"

"मीच केलाय तो," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. रंग शेजारच्या टेबलावरच्या मास्तरांचा होता. नव्यांना तेच शिकवत, म्हणून मास्तर. ते खाली मान घालून पोपड्याकडे बघत होते. साहेब म्हणाले की चूक आपली म्हणणारं माणूस या कारखान्यात मी पहिल्यांदा बघतोय, आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी तिने केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं की रंग माझा नव्हता. कोणाचा, ते मात्र सांगितलं नाही.

साहेब पुढे सरकले. "म्हणजे दुसऱ्याची चूक अंगावर घेतलीत?"

"घेतली नाही, साहेब. पडली."

साहेबांना हे फारच आवडलं. त्यांनी त्यात नम्रपणा पाहिला असावा, कारण जागा पुन्हा रिकामी झाली तेव्हा तिचंच नाव लागलं. आपण हे कशाने मिळवलं, याचा तिने प्रामाणिकपणे विचार केला आणि शेवटी नाद सोडला.

नव्या खुर्चीत बसल्यावर तिने सगळ्यात आधी मास्तरांना हाक मारली. दोघांनी मिळून तो मलई रंग पुन्हा करायला घेतला. ढवळता ढवळता मास्तर म्हणाले, "का केलंत माझ्यासाठी?"

"जीभ घसरली हो."

त्यांना ते मुळीच पटलं नाही. ढवळणी खाली ठेवून ते म्हणाले, "मला हल्ली फिके रंग नीट दिसत नाहीत. घरीसुद्धा सांगितलेलं नाही."

तिने मलईचा डबा आपल्याकडे ओढला आणि गडद रंगांचं कपाट त्यांच्या ताब्यात दिलं. डोळे दाखवायला कधी जाताय, हे ती त्यांना रोज विचारू लागली.