मोर्णेच्या काठावर निवडलेली लेन्स

अमरावतीत आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली, मागे पडदा, पडद्यावर रंगवलेला तलाव. फोटो आमचे हे काढायचे. फिल्म धुणं, फोटो छापणं आणि नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण पेन्सिलीनं बुजवणं हे माझ्याकडे. शाळा माझी चौथीपर्यंत झालेली. बाकीचं सगळं अंधाऱ्या खोलीत शिकले, तिथं परीक्षा नसते.

साठ साल उलटून गेलं होतं. चैत्रात एक दिवस दोघी बहिणी आल्या. गावाबाहेर त्यांचा फुलांचा मळा होता, घरही तिथंच. मोठीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, फोटोचं काम तिच्या काकांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं.

मोठीनं मला विचारलं, "काकू, तुमच्याइथं दूरचा फोटो निंगते काय?"

"किती दूरचा?"

"मांडवापासून सैपाकघराच्या दारापर्यंत."

मग तिनं सांगितलं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. कन्यादान काका-काकू करणार. आई विधवा, म्हणून रिवाजाप्रमाणे मांडवात यायची नाही, स्वयंपाकघराच्या दारातूनच अक्षता टाकणार.

"मले मायसोबत एक फोटो पाह्यजे, लग्न लागतानाचा. पण मायले पुढं बोलवाचं नाही. काका रागावन ते वेगळं, मायच येत नाही."

आमचे हे म्हणाले, "दोघींचे वेगळे काढतो अन् जोडून देतो. काई समजत नाही."

समजत होतं. एका घरच्या वारलेल्या आजोबांना त्यांनी असंच जोडून दिलं होतं, तर आजोबांचे पाय राहून गेले होते.

"जोडलेला नको," पोरगी म्हणाली. "खरा पाह्यजे. सासरी न्याचा हाय."

आमच्या जर्मन कॅमेऱ्याला एकच लेन्स होती. तिच्यातून चाळीस पावलांवरची आई घेतली असती तर तीळ आला असता. तेव्हा दूरचं जवळ दाखवणारी टेली लेन्स पाहिजे. अकोल्याला जुन्या शहरात एका घड्याळवाल्याकडे दोन जुन्या लेन्सा विकायला आल्या आहेत, असं ह्यांना कळलं होतं. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. मी कशाला गेले? ह्यांना घासाघीस जमत नसे म्हणून.

घड्याळवाल्यानं दोन्ही मांडल्या. एक मुठीएवढी. दुसरी हातभर, लाटण्यासारखी. दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती. ह्यांचं मन छोटीवर होतं. घड्याळवाला म्हणाला, "बाहर जाके देख लो, भाई."

बाहेर मोर्णा. चैत्रातली, म्हणजे पाणी थोडं आणि गोटे फार. आम्ही काठावर उभं राहून एकेक लेन्स कॅमेऱ्याला लावून पलीकडे पाहिलं. छोटीतून शिंप्याच्या दुकानाची पाटी दिसली. मोठीतून पाटी वाचता आली. नुसती पाटीच नाही, आत बसलेला शिंपी दोरा तोंडात ओला करून सुईत ओवत होता तेही दिसलं. तिसऱ्या खेपेला ओवला गेला.

मी म्हटलं, "हेच घ्या."

"आपल्याले शिंप्याचं लगन काढाचं हाय काय?"

"पोरीनं काय मांगितलं? दूरचं. मंग दूरचं घ्या न."

मोठी घेतली. नदी मध्ये ठेवून लग्नाची लेन्स निवडणारे आम्ही दोघंच असू. निवड माझी होती हे इथं लिहून ठेवते, कारण ह्यांनी ते पुढं कितीतरी वर्षं लक्षात ठेवलं.

घरी आल्यावर लेन्सनं गुण दाखवला. वीस फुटांच्या आतलं तिला काही दिसतच नसे, नुसतं धुकं. आमचं घर पुरेना. ह्यांना गल्लीत शेजारणीच्या बाजेवर बसवलं आणि मी आमच्या ओट्यावरून पाहिलं. मिशा आणि दोन खांदे, बाकी माणूस बाहेर.

शेजारीण म्हणाली, "काय वो बाई, तोफ कावून आणली?"

दुसऱ्या दिवशी हे लग्नघरचं अंगण पाहून आले. टोपी खुंटीला लावत म्हणाले, "माय घेतली तं नवरी जाते, नवरी घेतली तं माय जाते. शिंपी मात्र पुरा आला असता." मग तीन दिवस बोलले नाहीत. जेवताना मीठसुद्धा बोटानं दाखवून मागितलं.

मला पोरीचं तोंड आठवे. हळदीच्या दिवशी मी स्वतःच कॅमेऱ्याला लेन्स लावून घेऊन गेले. धाकटीला मांडवात उभं केलं, आई स्वयंपाकघराच्या दारात होतीच, मैद्याच्या हातानं. मी अंगणातून पाहिलं. हे म्हणत होते तसंच. मागे सरकत सरकत फाटकाशी आले. तरी नाही. फाटकाबाहेर गेले आणि समोरच्या वाटेनं चालत राहिले. शंभरेक फूट गेल्यावर फाटक, मांडव आणि ते दार एका रेषेत आलं. डोळा लावला.

आई धाकटीच्या खांद्याशी उभी होती.

डोळा काढला. मध्ये चाळीस पावलं. पुन्हा लावला. खांद्याशी. मी धाकटीला हात करून नीट उभी राहायला सांगितलं, कारण मला वाटलं तीच मागे सरकली असेल.

घरी येऊन ह्यांना ओढत नेलं. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. चौथ्या दिवशी तोंडातून पहिला शब्द निघाला, "बंडी लागन."

बरोबर होतं. वऱ्हाड्यांच्या डोक्यांवरून आणि मांडवाच्या कापडाखालून पाहायचं, तर बैलबंडीवरच चढायला हवं. पण ह्यांना आमचा जुना पेटीकॅमेरा घेऊन मांडवात राहणं भाग, नाहीतर काका विचारणार. म्हणजे बंडीवर मी. आजवर मी हजारो फोटो धुतले होते, लग्नात एकही काढला नव्हता. ह्यांनी समजावलं: लांबून पाहिलं की ही लेन्स मधलं अंतर गिळते. तिचं भोक बारीक ठेव, म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही येईल. पण उजेड कमी जातो, तेव्हा बटण दाबताना हलायचं नाही.

"अन् बंडी हालली तं?"

"तिले सांग."

लग्न दुपारचं. बैल सोडलेले, जू दगडावर टेकवलेलं, तिपाईवर कॅमेरा, मागं मी डोक्यावर पदर घेऊन. मी श्वास घेतला की बंडी कुरकुरायची. दोन बायका खालून ओरडल्या, "तोफ कोणावर डागता वो?"

"नवरीवर."

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला. मी श्वास धरला आणि तीनदा दाबलं. रात्री धुतली फिल्म. पहिल्यात वाजंत्र्याचा भोंगा. दुसऱ्यात काकांचा फेटा, अख्खा. तिसऱ्यात हार घालताना वाकलेली नवरी, आणि तिच्या खांद्याशी आई, अक्षतांचा हात वर. जराशी पुसट आली, पण आईच.

आठ दिवसांनी काका फोटो न्यायला आले. एकेक पाहत त्या फोटोपाशी थांबले.

"वहिनी मांडवात कवा आली?"

हे म्हणाले, "आली नाही."

"मंग हे कोण हाय?"

"वहिनी."

 जोडलाय, असं काकांना वाटलं. मी कॅमेऱ्याला लेन्स लावली आणि आम्ही दोघं त्यांच्यासोबत मळ्यावर गेलो. वाटेवर बंडी उभीच होती, काका वर चढले. काकांची बायको अंगणात मांडवाच्या जागी उभी राहिली. स्वयंपाकघराच्या दारात बकरी बांधली होती. काकांनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

"बकरी तिच्या खांद्यावर दिसून राहिली," म्हणाले. उतरले. धोतर झटकलं. "ठीक हाय." आणि फोटो बाकीच्यांत ठेवून घेऊन गेले.

नागपंचमीला पोरगी माहेरी आली, तेव्हा आमच्याकडंही आली. म्हणाली, "काकू, सासूनं इचारलं, तुयी माय मांडवात होती? म्या म्हटलं, पाहा न."  चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली.

दोन वर्षांनी धाकटीचं ठरलं. काका स्वतः आले.

"तो लांबवाला काच आणजा. वहिनीले दारात उभं ठेवतो, तसाच फोटो पाह्यजे. या पोरीनं तं आत्तापासून रट लावली."

हे 'हो' म्हणायच्या आत मी म्हटलं, "तो काच आता नाही भाऊ आमच्याजवळ. साधाच हाय. त्यातून दूरचं येत नाही."

"मंग?"

"वहिनीले जवळ उभं करा लागन."

"किती जवळ?"

"मांडवात. पोरीच्या बाजूले."

काकांनी स्टुडिओतल्या पडद्यावरच्या तलावाकडं पाहिलं. मग म्हणाले, "फोटोपुरतं नं?"

"फोटोपुरतं."

"बरं."

ते गेल्यावर ह्यांनी कपाटाकडं पाहिलं. "लेन्स तं अंदरच हाय न?"

"हाय."

 त्या दिवशी जेवताना ह्यांनी मीठ तोंडानं मागितलं.

धाकटीच्या लग्नात आई मांडवात आली. फोटो झाल्यावर तिला परत जा म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. ह्यांनी चार हात अंतरावरून फ्लॅश मारला आणि आईचे डोळे मिटलेले आले. पेन्सिलीनं उघडता आले असते. मी तसाच छापला.