गुरम्माक्कानं भरून ठेवलेलं पाणी

माझी थोरली बहीण गुरम्मा त्रेसष्ट वर्षांची आहे. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, हे तिनं लग्नापासून कधी चुकवलं नाही. अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा, हेही चुकवलं नाही. त्याआधी चहाचा घोटसुद्धा नाही. भाऊजी वारले त्या दिवशीही तिनं पूजा केली.

तिच्या मुलाचा, शिवूचा, अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे. गेल्या जानेवारीत त्यानं अंदमानला तीन दिवस एक लहान यॉट घेतली. बायको राजेश्वरी, आई, जिला तो अव्वा म्हणतो, आणि मी, अशा आम्हा तिघांना नेलं. झोपायच्या खोल्या दोन, माझी जागा बाकावर, स्वयंपाकाचा ओटा जिन्याखाली. न्हाणीत उभं राहिलं की दोन्ही कोपरं भिंतींना लागत.

पहिल्या संध्याकाळी ओट्याचा नळ चालू दिसताच अक्कानं पातेली, थर्मास, बर्फाची बादलीसुद्धा भरून झाकून ठेवली. टाकीचा काटा बघून कप्तान शिवूवर हिंदीत ओरडला.

सकाळी मी वर आलो, तर शिवू ती भांडी समुद्रात ओतत होता.

"अरे, राहू दे की," मी म्हणालो.

"मामा, लाज काढली अव्वानं. बोटीवर भांडी भरून ठेवतंय व्हय कुणी?"

मी बाजूला सरकलो. मग तो आणि राजेश्वरी पोहून आले आणि खारं अंग धुवायला बराच वेळ शॉवर सोडून बसले. रात्री बोट लागून उलट्या झाल्यामुळे अक्का उशिरा उठली. न्हाणीत गेली, तर नळाला थेंब नाही.

"भांड्यातलं घेते," म्हणत ती ओट्याशी आली. भांडी पालथी होती.

"कुणी ओतलं?"

"अव्वा, प्यायच्या बाटल्या हायत की. नायतर समुद्रात डुबकी मार. एक दिवस पूजा नाही झाली तर काय होतंय?"

"बाटल्या पाच जणांना प्यायला हायत. डुबकी मी मारली असती रे! पण ओतताना मला विचारलंस का? गोडं पाणी खाऱ्यात ओतलंस! तुला बादलीभर मिळावं म्हणून मी तांब्याभर पाण्यात न्हाले, तवा नाही लाज वाटली?"

"हळू बोल, कप्तान बघतोय."

"बघू दे. त्याला मराठी येत नाही, तुला येतं." मग माझ्याकडे वळली. "तू होतास तिथं, प्रभू?"

मी होकारार्थी मान हलवली.

"बोट किनाऱ्याला घ्या. तोवर मी तोंडात काही घालणार न्हाय."

टाकी भरायची होतीच, म्हणून कप्तानानं ऐकलं. तीन तास अक्का पुढच्या टोकाला, गळ्यातलं लिंग मुठीत धरून, आमच्याकडे पाठ करून बसली. राजेश्वरीनं आणलेला चहा तिथंच गार झाला.

दुपारी एका बेटाच्या धक्क्यावर चहावालीनं तिला बादलीभर पाणी दिलं. ताडपत्रीआड अंघोळ, बाकावर पूजा, मग पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"तुमी फिरा," ती शिवूला म्हणाली. "मी सरकारी बोटीनं परत जाते."

"अव्वा, लोक काय म्हणतील?"

"साकु! पुरे झालं तुझं लोक-लोक."

मीही माझी बॅग घेऊन उतरलो. तिनं ये म्हटलं नाही. सरकारी बोटीत आमच्यामध्ये एक खुर्ची रिकामी होती. तासाभरानं ती बोलली.

"त्याला मी वाढवलं, ते माझं मी बघेन. पण तू माझा पाठचा भाऊ. लहानपणी आपण दोघांनी एका घागरीत दिवस काढलेत. हात धरायचास की त्याचा!"

एवढं बोलून तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि बंदर येईपर्यंत ते तसंच ठेवलं.