साळवी सरांची गच्ची

चार माणसं दर रविवारी जमून माणसाच्या मनावर बोलायला लागली की किस्से आपोआप साठतात. नव्वदच्या दशकात विरारला, मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आमचं असंच एक मंडळ भरायचं. साळवी सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. इतिहास राजांनी नाही, साध्या माणसांच्या भीतीनं आणि हौसेनं घडवला, हे त्यांचं ठाम मत. घरी वन रूम किचनमध्ये सगळं कुटुंब, त्यामुळे गच्चीवर सरांचा भारी जीव.

*

एकदा सर म्हणाले, गर्दी विचार करत नाही, नुसती मागे उभी राहते. सिद्ध करायला ते स्टेशनजवळ एका बंद शटरसमोर पिशवी घेऊन उभे राहिले. थोड्याच वेळात मागे रांग! रॉकेल आलंय अशी बातमीही पसरली.

सर खुशीत आम्हाला बोलवायला आले. आम्ही जाऊन बघतो तर रांग पार कोपऱ्यापर्यंत. सर सरळ रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मला हळूच म्हणाले, "घरून कॅन घेऊन ये. खरंच आलं असेल तर?"

*

आमच्या मंडळातल्या फिलोमिना टीचर वसईजवळच्या पापडी गावच्या ख्रिस्ती. सरांनी त्यांना विचारलं, "तुमच्या पूर्वजांनी धर्म बदलला, तो भीतीनं की लोभानं?"

वाडीतली केळी वाटता वाटता टीचर म्हणाल्या, "आणि सर, तुमच्यांनी नाही बदलला, तो श्रद्धेनं की आळसानं?"

सरांनी हातातलं केळं संपवलं. मग त्यांनीच पहिली टाळी वाजवली. मला त्या दिवशी सर फार आवडले.

*

आमच्या ए आणि बी विंगमध्ये पाण्यावरून उभा दावा. सत्यनारायणसुद्धा वेगवेगळा! ए विंगमध्ये राहणाऱ्या सेक्रेटरी गावडेंनी आमचं मंडळ बंद करायला मीटिंग बोलावली, तेव्हा आम्ही हादरलो. सर मात्र निर्धास्त. "ए विंग हो म्हणाली की बी विंग नाही म्हणणारच. मन असंच चालतं."

गावडेंनी मत विचारलं. दोन्ही विंगचे सगळे हात वर! एकही विरोध नाही. गच्चीला कुलूप लागलं, आणि गावडे चक्क बी विंगवाल्यांबरोबर चहा प्यायला गेले.

टीचरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी विचारलं, "आता बसायचं कुठे, सर?"

सरांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "बसू कुठेही. पण टीचर, यांना एक व्हायला फक्त आपण लागलो!"